हाताचा क्लच

कर्वेनगरला आम्ही घर बांधलं तेव्हा पप्पांनी खाली गॅरेज काढलं. गाडी नव्हती, घ्यायचा बेतही नव्हता. शेजारचे लेलेकाका येता-जाता विचारायचे, "सीतारामराव, गॅरेज झकास झालंय. आत ठेवायला काही मिळालं का?" पप्पा तितक्याच शांतपणे म्हणायचे, "शोधतोय. तुमच्याकडं अडगळ झालेलं काही असेल तर सांगा."

पप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. सत्तावीस वर्षं. लोखंडावरून नुसतं बोट फिरवून ते उंचसखल सांगायचे आणि मोजल्यावर ते बरोबर निघायचं. गॅरेजमध्ये त्यांचं एक जुनं लेथ मशीन होतं, एक ड्रिल, भिंतीला ओळीनं टांगलेले पाने आणि कानशी. खंडेनवमीला कारखान्यात मशिनची पूजा व्हायची. पप्पा पूजा वगैरे करत नसत. आमच्या घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, बाकी काही नाही. पण त्या दिवशी ते सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन, तेल लावून ठेवायचे. त्या तेलाचा वास आठवला की मला माझं कॉलेजचं वय आठवतं.

शहाण्णव साली कारखान्यात संगणकावर चालणारी मशिन्स आली आणि पन्नाशीच्या पुढच्यांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले गेले. पप्पांनी सही केली आणि डबा घेऊन घरी आले. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे घर चालायची काळजी नव्हती. काळजी पप्पांचीच होती. महिनाभर ते रोज सकाळी साडेसहाला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये जाऊन बसत. काम काही नसे. आधीच लखलखीत असलेला पाना पुन्हा पुसत. मी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या वर्गात जो तो अमेरिकेच्या गोष्टी करत होता, आणि ज्या संगणकानं पप्पांना घरी बसवलं तोच मी शिकत होते. ते एकदाही तसं बोलले नाहीत. मला मात्र जेवताना त्यांच्याकडं बघवायचं नाही.

अशात एक दिवस हिंदुराव पाटलांचा निरोप आला. आमचा प्लॉट मूळचा त्यांचाच. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचं गाव. त्यांची तिथं नदीपर्यंत शेती होती. ती बिल्डरांना विकून त्यांनी दुमजली बंगला बांधला आणि मुलाला, रविराजला, हौसेची गाडी घेऊन दिली. होती जुनी फियाटच, पण रविराजनं ती रॅलीसाठी तयार करून घेतली होती. आवाज असा की ती कोपऱ्यावर वळायच्या आधी आमच्या खिडकीच्या काचा सांगायच्या. पोरगं चालवायचंही तसंच. दोन-तीन ढाली जिंकून आणल्या होत्या त्यानं. मग एका पहाटे सराव करताना दिवे घाटात, वळणावर ट्रकमधून सांडलेल्या वाळूवर गाडी घसरली आणि कठड्यावर आदळून उलटली. रविराज वाचला. डावा पाय राहिला, पण गुडघ्यात वाकायचा बंद झाला. सव्वीस वर्षांचं वय.

गाडी वर्षभर पाटलांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती.

"सीताराम, तू यातला माणूस हायस," हिंदुराव म्हणाले. मीही पप्पांबरोबर गेले होते. "भंगारवाला उद्या येनार हाय. आत काय घेन्यासारखं असंल तर बघून घे."

पप्पांनी ताडपत्री उचलली. छप्पर चेपलेलं, डावीकडचे दोन्ही दरवाजे आत गेलेले. ते बॉनेट उघडून बराच वेळ वाकून बघत राहिले. मग इंजिनवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा.

"पाटील, ही भंगार नाही."

"मग न्हे. आख्खीच न्हे. पन माझ्या आन् त्याच्या डोळ्यासमोरनं घालीव."

दोरी बांधून आठ-दहा जणांनी ओढत-ढकलत ती आमच्या दारात आणली. लेलेकाका गॅलरीतून बघत होते. "मिळालं वाटतं," एवढंच म्हणाले.

आई शाळेतून आली, कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारली. "अहो, हे काय आहे?"

"काम आहे," पप्पा म्हणाले. आईनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढचं दीड वर्ष आमच्या घरात सगळ्यांच्या नखांत ग्रीस होतं. पप्पा दिवसभर आणि मी कॉलेजातून आल्यावर संध्याकाळी, रविवारी तर सकाळपासून. छप्पर आणि दरवाजे ठोकून सरळ करायला त्यांना पावसाळा लागला. मग इंजिन उतरवलं. पप्पांना ते नुसतं दुरुस्त करायचं नव्हतं. "पहिल्यापेक्षा चांगलं व्हायला हवं, नाहीतर हात कशाला लावायचा?" पिस्टनला जोडलेल्या चारही कनेक्टिंग रॉडचं वजन हुबेहूब सारखं असेल तर इंजिन जास्त वेगात फिरूनही थरथरत नाही, हे त्यांनी मला समजावलं. पण ग्रॅममध्ये तोलणार कशावर? शेवटी आम्ही ते चार रॉड पिशवीत घालून रविवार पेठेत एका सराफाकडं गेलो. सराफानं आधी रॉडकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"हे मोडीत घालायचंय?"

"नाही, फक्त तोलायचंय. चारही."

एक रॉड सात ग्रॅम जड निघाला. पप्पांनी तो घरी आणून कानशीनं घासला, परत नेला, परत आणला. चौथ्या फेरीला सराफानं स्वतःच चहा मागवला.

माझ्याकडं इंजिनच्या हेडमधल्या वाटा गुळगुळीत करायचं काम होतं. हवा आणि पेट्रोल ज्या वाटेनं आत जातं ती जितकी नितळ, तितका श्वास मोकळा. काठीला पॉलिश पेपर गुंडाळून मी तासन् तास घासत बसायचे आणि पप्पा मधूनच करंगळी आत घालून म्हणायचे, "अजून आहे." कुठल्या गिअरला किती वेग मिळेल याचा हिशोब ते वहीत करायचे. मी कॉलेजच्या लॅबमध्ये त्याचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापून आणला. पप्पांनी आपली वही काढून एकेक आकडा ताडून पाहिला. एका ठिकाणी त्यांची बेरीज चुकली होती. त्यांनी वहीतला आकडा खोडला, कागद घडी न घालता भिंतीला खिळ्यावर लावला आणि म्हणाले, "कल्याणी, मशीन वाईट नाही तुझं." मला वाटतं, संगणकाशी त्यांचं भांडण तिथं मिटलं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी इंजिन पहिल्यांदा चालू झालं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आणि दहाच मिनिटांत काठी टेकत रविराज दारात आला. घामानं भिजला होता. बंगल्यापासून चालत आला असणार.

"कुणाला विचारून चालू केलीत?"

"तुमच्या वडिलांनी दिली," पप्पा म्हणाले.

"वडिलांना काय कळतंय त्यातलं! मोडायला दिली होती ती." त्याचा आवाज चिरकला. "ती परत चालायला नको होती."

तो वळला आणि गेला. त्या आठवड्यात पप्पांनी इंजिन चालू केलं नाही. पुढच्या रविवारी केलं, आणि रविराज पुन्हा आला. या वेळी दारातच उभा राहून, मान तिरकी करून ऐकत राहिला.

"पेट्रोल कमी पडतंय तिला," तो अखेर म्हणाला. "वरच्या वेगाला कोरडी खोकतेय. कार्बोरेटरमधला पेट्रोलचा जेट मोठा घाला."

पप्पांनी स्टूल पुढं सरकवलं. तो बसला.

त्यानंतर तो रोज यायला लागला. पप्पांना धातू कळायचा, रविराजला गाडीचा आवाज. दोघं मिळून सुट्या भागांसाठी नाना पेठेतली दुकानं पालथी घालायचे. पप्पा आपल्या एम-एटी दुचाकीवर पुढं, हा मागं पाय सरळ धरून. "पप्पा, त्याला विचारा ना, चालवशील का म्हणून," मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "तहान नसलेल्याला पाणी विचारू नये. आणि तहान आहे पण घशाखाली उतरत नाही, त्याला तर अजिबात विचारू नये. आधी उतरायची सोय करायची."

सोय ते करतच होते, हे मला नंतर कळलं. क्लच दाबायला डावा पाय लागतो आणि रविराजचा डावा पाय वाकत नव्हता. तेवढीच अडचण होती. पप्पांनी स्कूटरचा क्लचचा दांडा आणून गिअरच्या दांडीला बसवला, तिथून खाली तार ओढली. गिअरवरच्याच हातानं क्लच दाबायचा. दुसऱ्याच दिवशी तार तुटली. दाब फार होता. जाड तार घातली तर हातात कळ यायची. आठवडाभर पप्पा जेवतानाही त्याचाच विचार करत होते. मग एकदा चालू इंजिनच्या हवेच्या नळीवर त्यांनी अंगठा धरला आणि तो तसाच चिकटून राहिला.

"ही केवढी ओढ आहे बघ," ते मला म्हणाले. "इंजिन सतत हवा ओढतंय. त्या ओढीनंच क्लच दाबला तर?"

ट्रकच्या ब्रेकमधला रबरी पडदा असलेला एक डबा त्यांनी आणला. इंजिननं त्यातली हवा ओढली की पडदा आत जायचा आणि त्याच्याबरोबर क्लच. गिअरच्या मुठीवर फक्त एक बटण. पण रॅलीचं इंजिन हळू फिरताना ओढ पुरायची नाही. "ओढ साठवता येईल का?" मी विचारलं. "पाण्याची टाकी भरून ठेवतो तशी?" पप्पांनी माझ्याकडं पाहिलं, जुन्या बाजारातून आग विझवायच्या नळकांड्याचं रिकामं कवच आणलं आणि सीटमागं बसवलं. जमलं.

रविराजनं हे सगळं बघितलं होतं, पण कुणासाठी चाललंय ते त्यानं विचारलं नाही आणि पप्पांनी सांगितलं नाही. काम पुरं झालं त्या संध्याकाळी पप्पांनी हात पुसत किल्ली त्याच्यासमोर धरली.

"मला नाही जमणार," रविराज म्हणाला. "तुम्हीच चालवून बघा."

"मला कुठं येतं चालवायला?"

तो बघतच राहिला. "म्हणजे?"

"सायकल येते, एम-एटी येते. गाडी नाही येत. कल्याणीला नाही येत. लेलेंना येते, पण त्यांच्या हातात द्यायची का, ते तुम्ही ठरवा."

रविराज हसला. मी त्याला तोपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. मग हसू ओसरलं आणि तो गाडीकडं बघत उभा राहिला. "काका," तो म्हणाला, पहिल्यांदाच काका म्हणाला, "मला अजून स्वप्नात ते वळण दिसतं."

"इथं वळण नाही. नदीकाठचा नवा रस्ता सरळ आहे. मी शेजारी बसतो."

तो आधी पाठमोरा सीटवर बसला, मग दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला. गाडी सुरू झाली, एक जबरदस्त हिसका बसला आणि बंद पडली. पुन्हा तेच. बटण सोडलं की क्लच एकदम सुटायचा. हवा परत आत यायचं भोक मोठं होतं. पप्पांनी ते बुजवून बारीक पाडलं, तर क्लच इतका सावकाश सुटायला लागला की जळका वास आला. पाच दिवस त्या एका भोकावर गेले. सहाव्या दिवशी फियाट दारातून अशी निघाली, जशी दुधावरची साय सरकावी.

मी आणि आई फाटकापाशी होतो. लाल दिवे नदीकडं वळले, थोड्या वेळानं इंजिनचा आवाज चढत गेला, गिअर बदलला, पुन्हा चढला. रस्त्याच्या पलीकडं हिंदुराव येऊन उभे होते. आवाज ऐकूनच आले असणार. पायात चप्पल नव्हती. गाडी परत येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. ती थांबल्यावर खिडकीत वाकून त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आमच्या ओट्यावर येऊन बसले.

आईनं चहा आणला. आमच्या घरी ते त्याआधी पाच-सहा वेळा आले होते, पण दरवेळी "आत्ताच झालाय" म्हणून उभ्याउभ्या परतले होते. त्या दिवशी त्यांनी कप घेतला, बशीत ओतून प्याले आणि पप्पांना म्हणाले, "बसा की तुमी बी." रात्री भाकऱ्या थापताना आई मला म्हणाली, "आज 'तुम्ही' म्हणाले. ऐकलंस?" मी ऐकलं होतं.

नव्याण्णवच्या जानेवारीत लोणी काळभोरच्या पुढं एका माळावर गाड्यांची शर्यत होती. मातीची वळणावळणाची वाट, एकेक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. रविराजनं नाव दिलं. सकाळी तपासणीला आलेल्या गृहस्थांनी आत डोकं घातलं आणि बटण बघून मान हलवली.

"असं चालणार नाही. नियमाप्रमाणे गाडीला तीन पेडल पाहिजेत."

"मोजा," पप्पा म्हणाले.

त्यांनी खाली पाहिलं. तिन्ही पेडल जागच्या जागी होती. पप्पांनी क्लचचं काढलंच नव्हतं.

"पण हे पायानं दाबणार नाहीत ना?"

"कुठल्या अवयवानं दाबायचं, ते नियमात लिहिलेलं असलं तर दाखवा."

गृहस्थांनी पुस्तिका दोनदा चाळली, आणखी दोघांशी बोलून आले आणि शेवटी खडूनं काचेवर नंबर लिहिला. चौदा.

पहिल्या फेरीत रविराज बिचकला. मोठ्या वळणाआधी त्यानं इतका वेग कमी केला की प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. एकोणीस गाड्यांत सतरावा आला. परत येऊन तो सीटवरच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. हिंदुराव म्हणाले, "रवी, बास झालं. आलास ना चालवून? चल घरी." रविराज उतरला नाही. पप्पांकडं पाहून म्हणाला, "काका, वळणात मागचं टोक हलकं वाटतंय." पप्पांनी खाली बसून मागच्या टायरांतली हवा थोडी सोडली. खरंच त्यानं फरक पडला, की कुणीतरी आपल्यासाठी गुडघे मातीत टेकवले यानं पडला, हे मला सांगता येत नाही.

दुसऱ्या फेरीत ती गाडी मी ओळखलीच नाही. तेच वळण त्यानं आडवं, धुळीचा पंखा उडवत घेतलं. आवाज एकदाही अडखळला नाही. सहावा आला. ढाल मिळाली नाही, पेपरात नाव आलं शेवटच्या ओळीत. पण उतरल्यावर त्यानं पप्पांना मिठी मारली तेव्हा दोघांचेही खांदे हलत होते, आणि आई, जिला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, ती पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघत होती.

त्याच वर्षी मला नोकरी लागली आणि दोन हजार साली मी परदेशात गेले. आमच्या बॅचमधले निम्मे गेले. रविवारी फोन व्हायचा. सुरुवातीला पप्पा फियाटबद्दल सांगायचे, मग दुसऱ्याच गाड्यांबद्दल. पेपरातली ती एक ओळ कुणी कुणी वाचली होती. सोलापूरचा एक वकील आला, तळेगावचा एक निवृत्त सुभेदार आला. कुणाचा पाय पोलिओनं गेलेला, कुणाचा अपघातात. रविराज गाडी चालवून बघायचा आणि त्यांना शिकवायचा, पप्पा यंत्र बसवायचे. शेवटी दोघांनी मिळून तेच काम केलं, दहा-अकरा वर्षं. फियाट रविराजनं पुढं साताऱ्याच्या एका शौकिनाला दिली. जागा हवी होती त्याला, गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात मी सुट्टीवर आले होते, तेव्हाचा एक दिवस माझ्या मनात अजून तसाच आहे. हडपसरच्या एक शिक्षिका, नीरजाबाई, भावाबरोबर आल्या होत्या. डाव्या पायाला लहानपणापासून आधाराचा लोखंडी कॅलिपर. छोटी पांढरी मारुती, येताना भावानं चालवत आणलेली. दोन आठवडे रविराजनं त्यांना नदीकाठी शिकवलं होतं, आता लायसन्स हातात होतं आणि गाडी घेऊन जायचा दिवस होता. भाऊ सवयीनं चालकाच्या बाजूला गेला, मग चूक लक्षात येऊन हसला आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं.

"तुम्ही मागं बसा," पप्पा त्याला म्हणाले. "पुढं बसलात तर हँडब्रेक ओढत राहाल."

नीरजाबाईंनी आरसा नीट केला. ओढणी आत घेतली. आम्ही सगळे फाटकाशी, वर गॅलरीत लेलेकाका. गाडी हलली, गल्लीच्या तोंडाशी थांबली, दोन रिक्षा जाऊ दिल्या, आणि मग उजवीकडं वळून रहदारीत मिसळली. मागच्या काचेतून भावाचं घाबरलेलं तोंड तेवढं दिसलं.

पप्पा थोडा वेळ रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिले. थंडीच्या दिवसातलं साडेअकराचं ऊन होतं, हातावर काळं तेल होतं. मला त्या क्षणी परत जाऊच नये असं वाटलं. तसं मी म्हटलंही. ते म्हणाले, "जा की. काम आहे ना तिथं?" आणि रविराजला हाक मारत आत गेले, कारण आत सोलापूरच्या वकिलांची गाडी उघडून ठेवलेली होती.